जुन्या वास्तूंची राखण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



सातवी शिकलेल्या बाईने जुन्या इमारतींवर बोलावे, याचे काहीजणींना नवल वाटेल. पण पडत्या भिंतीला लिंपण कोण करते? आपणच ना?

जालन्याला गेले की काली मशीद दिसते. जमशेदखानाने ती १५७८ साली बांधली. मोती तलावही त्याचाच. जमिनीखालच्या नळांनी त्याने शहरात पाणी खेळवले होते. आपण शेजारून जातो, पण मान वर करून पाहत नाही.

माझ्या माहेरच्या वाड्याचे सागवानी खांब तीन वर्षांपूर्वी उतरवून विकले. वाडा कुणाच्या यादीत नव्हता, तेव्हा कुणाला विचारण्याचे कारणच नव्हते. आई नुसती बघत उभी राहिली.

यादीचे महत्त्व मला कळले ते मुंबईच्या श्याम चैनानींविषयी वाचून. २०१० साली ते वारले. ना मंत्री, ना अधिकारी! पण बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुप या संस्थेतर्फे त्यांनी वर्षानुवर्षे सरकारदरबारी अर्ज केले, कागद मिळवले, वेळ पडली तेव्हा कोर्टाची पायरी चढले. १९९५ साली मुंबईच्या जुन्या वास्तूंसाठी नियमावली मंजूर झाली, तिचा पाठपुरावा करणाऱ्यांत ते पुढे होते. सहाशेंवर वास्तू यादीत आल्या, त्यांच्या महत्त्वानुसार तीन प्रती ठरल्या. यादीतली इमारत पाडायची किंवा बदलायची तर प्रकरण जाणकारांच्या समितीपुढे जाते.

मालकाचे काय, असे तुम्ही विचाराल. बरोबर आहे. गळके छप्पर त्याचे आणि कौतुक गावाचे, हे मलाही पटत नाही. म्हणून तिथे मालकाचे नुकसान होत असेल तर बांधकामाचा हक्क दुसरीकडे वापरण्याची सोय ठेवली आहे. आपल्याकडे निदान डागडुजीला तरी हातभार लागावा.

मुंबईची गोष्ट मुंबईला, असे म्हणू नका. गावाचा विकास आराखडा करताना त्याचा मसुदा लोकांपुढे मांडून हरकती व सूचना मागवाव्या लागतात, असे १९६६ चा नगररचना कायदा सांगतो. हरकत घ्यायला पदवी लागत नाही. मुदतीत लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. पोच विसरू नका.

तेव्हा पुढच्या हळदीकुंकवाला प्रत्येकीने आपल्या आळीतली जुनी विहीर, देऊळ, दर्गा किंवा वाडा, त्याचा मालक कोण आणि तिथे हल्ली काय चालते, एवढे कागदावर उतरवून आणावे. वही मी घालते.