ही मतपत्रिका मी पेटीत टाकणार नाही



समोरच्या कनातीला गाडगेबाबांच्या नियोजित स्मारकाचे तीन आराखडे टांगले आहेत. अध्यक्षाने पहिली मतपत्रिका पेटीत टाकून शुभारंभ करावा, असं कार्यक्रमपत्रिकेत छापलंय. मी ती टाकणार नाही. समितीच्या मंडळींनी उन्हातान्हात हिंडून वर्गणी जमवली, त्याबद्दल मला आदर आहे. पण तिन्हीपैकी एकावर खूण करणं माझ्या जिवावर येतं.

सकाळी हे आराखडे मी अगदी जवळ जाऊन पाहिले. पहिल्यात उंच चबुतऱ्यावर पुतळा आणि भोवती रंगीत दिव्यांचं कारंजं. दुसऱ्यात संगमरवरी मंदिर, रांगेसाठी कठडे आणि बरोबर हात पोचेल अशा उंचीवर पादुका. जो माणूस कुणाला पायाला हात लावू देत नसे, त्याच्या पादुका! तिसऱ्यात बाबांचा खराटा आणि खापर काचेच्या पेटीत. मी चूल शोधली, न्हाणीघर शोधलं, पथारी टाकायला जागा शोधली. तिन्हीत मिळून मागच्या कोपऱ्यात एक संडास सापडला, तोही कारंज्याच्या पंपाला खेटून.

आपला पुतळा नको, समाधी नको, मंदिर नको, असं बाबांनी बजावून ठेवलं होतं. २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलापाशी, अमरावतीच्या वाटेवर त्यांनी प्राण सोडला. आपण समाधी बांधलीच. त्या दिवशी रडणाऱ्या लोकांना मी दोष देत नाही. पण आज शांत डोक्याने, मोजपट्टी लावून त्यांचा शब्द मोडायचा?

त्यांनी स्वतः काय बांधलं, तेही पाहा. ऋणमोचनला पूर्णेच्या काठी घाट, मूर्तिजापूरला गोरक्षण, नाशिकला, देहूला, आळंदीला धर्मशाळा. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर १९४९ साली त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या संस्थेच्या स्वाधीन केली. लाखोंच्या इमारती उभ्या केल्या आणि स्वतःचं बिऱ्हाड झोपडीत ठेवलं. पाठ टेकायला जागा नसलेल्या माणसासाठी बांधायचं आणि बांधून झालं की पुढं चालू लागायचं, ही त्यांची रीत.

लोकमत घ्यायला माझा विरोध आहे, असं कुणी बाहेर जाऊन सांगू नये. मत विचारण्यात बाबांचा हात धरणारा महाराष्ट्रात झाला नाही. त्यांचं सगळं कीर्तनच सवाल-जबाबाचं. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात त्यांनी शेवटचं कीर्तन केलं, त्याचं ध्वनिमुद्रण आहे. समितीने ते ऐकावं. कर्ज काढून सण करणाऱ्यालाच ते कर्जाचं विचारत, देवापुढं बकरं कापणाऱ्यालाच बकऱ्याचं. ज्याला उत्तर भोगायचं आहे, सवाल त्याला. आणि आपली मतपत्रिका कुणाला गेली? वर्गणीदारांना. म्हणजे तुम्हा-आम्हाला, ज्यांना रात्री झोपायला घर आहे.

मेळघाटातून रुग्ण घेऊन आलेली माणसं मोठ्या दवाखान्यांच्या व्हरांड्यात प्लास्टिकचा कागद अंथरून पडतात. नर्सबाई उठवतात, तेव्हा गठुडं उचलून दुसरा कोपरा धरतात. बाई असेल तर अंघोळीसाठी पहाटेचा अंधार गाठावा लागतो. त्यांच्या हातात एक तरी पत्रिका गेली का? दादरला बाबांच्या नावाची धर्मशाळा कॅन्सरच्या रुग्णांना आणि त्यांच्या माणसांना आसरा देते. मग इथल्या समितीला ते का सुचू नये?

म्हणून अध्यक्षपदावरून मी ठराव मांडतो. ही पेटी आज उघडायची नाही. उद्या सकाळी समितीतल्या दोघांनी आणि वास्तुविशारदांनी वही घेऊन माझ्याबरोबर सरकारी दवाखान्याच्या आवारात यावं. तिथं मुक्कामाला असलेल्यांना विचारायचं: भाकरी कुठं भाजता, अंघोळ कुठं करता, रात्री बायकामाणसं कुठं निजतात. त्या उत्तरांवरून चौथा आराखडा काढायचा. तोवर वर्गणीतला एक रुपयाही दगड-संगमरवरावर जाणार नाही. ज्यांचा विरोध असेल त्यांनी आत्ता, या मांडवात, उभं राहून बोलावं.