बिऱ्हाड शोधणारे चार मित्र

मित्र जीव मुठीत धरून पळताहेत आणि आपण पोट धरून हसतोय, असे चित्रपट जगभर निघाले. २००८ साली अमेरिकेत ‘पाइनॅपल एक्स्प्रेस’ आला. त्यातला नायक गांजा ओढत बसलेला असताना त्याच्यासमोर खून होतो. घाबरून तो हातातलं थोटूक तिथंच टाकतो. तो गांजा इतका दुर्मीळ, की त्यावरूनच खुन्याला त्याचा माग लागतो. मग नायक आणि त्याला गांजा विकणारा, दोघे पळत सुटतात. त्याआधी १९५९ साली ‘सम लाइक इट हॉट’मध्ये दोन वादक असाच खून बघून, बायकांचे कपडे घालून पळाले होते.

आता आपल्याकडे या. सचिन पिळगावकरांचा १९८८ सालचा ‘अशी ही बनवाबनवी’ तुम्ही किती वेळा पाहिलाय, हे मी विचारत नाही. चार मित्र आहेत, लुगडीही आहेत. पण मागे पिस्तूलवाला कुणी नाही. घरमालक सरपोतदार खोलीतून बाहेर काढतात आणि लीलाबाई काळभोर जोडप्याशिवाय जागा देत नाहीत. म्हणून परशुरामची पार्वती होते आणि सुधीरची सुधा. ही कथा जिच्यावर बेतली, त्या हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ सालच्या हिंदी चित्रपटाचं नावच मुळी ‘बीवी और मकान’. म्हणजे मकान हवं तर आधी बीवी दाखवा!

या मित्रांची गरज साधी. डोक्यावर छप्पर हवं, एवढंच. सोलापूरकरांना हे वेगळं सांगायला नको. गिरण्यांच्या या गावात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी माणसं पोटासाठी आली. काम मिळालं, की दुसरा प्रश्न खोलीचा.

तरुणपणी मीही खोल्या शोधल्या. पीसीओवरून फोन केला, की माझं मराठी ऐकून मालक म्हणायचे, ‘या की, बघून जा.’ दारात जाऊन नाव सांगितलं, की तीच खोली ‘कालच दिली हो’. परशुरामला लुगडं नेसून वेळ मारून नेता आली. नावाला काय नेसवायचं, सांगा! एकट्या राहणाऱ्या नोकरदार बाईला, नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या बहिणीलाही हा अनुभव नवा नाही.

अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे यांनी आपल्याला मनमुराद हसवलं. पण ते चौघे खोटं बोलले, कारण खरं बोलणाऱ्याला तिथं जागा नव्हती. तेव्हा तुमच्याकडे रिकामी खोली असेल आणि कुणी विचारत आला, तर भाडं ठरवा, डिपॉझिट घ्या, लाइट बिलाचं बोला. पण खोली दाखवण्याआधी त्याला सोंग घ्यायला लावू नका.