अनारसे आणि किल्ला



दिवाळीचा फराळ म्हणजे आपली परीक्षाच! अनारशांचे तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचे; त्यात माझी कधी चूक झाली नाही. अंगणात मुले मातीचा किल्ला रचीत. "आई, बघायला ये ना!" "थांब, तळण होऊ दे." गेल्या वर्षी तळण, पाहुणे, सारे आटोपेतो भाऊबीज उलटली. किल्ल्यावर पेरलेले अळीव उगवून, पिवळे पडून आडवे झाले होते. धाकटा काहीच बोलला नाही, तेच मनाला लागले.

यंदा अनारसे केलेच नाहीत. (चकल्या केल्या बरे!) वसुबारसेला पदर खोचून चिखलात बसले. बुरूज माझाच ढासळला!

पाडव्याला सासूबाईंनी विचारले, "अनारसे कुठे गं?"

धाकटा म्हणाला, "आजी, आई किल्ल्यावर होती!"