साक्षीदार एका बाकावर नकोत



आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिकलो ते वाचनालयात आणि कारखान्याच्या दाराशी. मग पुंजयामिकीवर आम्ही का बोलावे? कारण हा विषय मुळात साक्षीपुराव्याचा आहे, आणि चौकशीत कामगाराची बाजू मांडण्यात आमची तीस वर्षे गेली.

दोन साक्षीदारांची उत्तरे फारच जुळली, तर आम्ही विचारतो: घरून ठरवून आलात, की मध्येच कुजबुजलात? एकत्र जन्मलेले दोन कण दूर गेले तरी त्यांची उत्तरे अशीच जुळतात. १९३५ साली आइन्स्टाइन व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी म्हटले, सिद्धान्त अपुरा आहे; म्हणजे उत्तरे आधीच ठरलेली असावीत. १९६४ साली जॉन बेल यांनी यावर कसोटी काढली. तिच्या आजच्या हिशेबात, ठरवून आलेल्यांच्या जुळणीचा आकडा २ च्या वर जात नाही.

आपल्या मुंबईत, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, २०२४ साली सहा क्यूबिटांच्या अतिसंवाहक संगणकाची चाचणी झाली. पण असे क्यूबिट एकाच चिपवर शेजारी असतात. तेथे आकडा २ च्या वर गेला, तरी आम्ही हरकत घेऊ: साक्षीदार एका बाकावर बसले होते!

ही हरकत झुरिकच्या संशोधकांनी दूर केली. निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाला. दोन अतिसंवाहक मंडले ३० मीटर दूर ठेवली. मधली नळी निरपेक्ष शून्याच्या जवळ थंड केली. एवढे अंतर कापायला प्रकाशालाही सेकंदाच्या दशलक्षांशाचा दहावा भाग लागतो. तेवढ्यात प्रश्न यदृच्छेने निवडून उत्तरही नोंदले. फेऱ्या दहा लाखांहून अधिक. आकडा आला २.०७४७. ठरवून आल्याचा पक्ष हरला.

मात्र यातून निरोप धाडता येत नाही. एकेकटे उत्तर नाणेफेकीसारखेच असते. म्हणून पुंजशक्तीने दुरून रोग बरा करणाऱ्यास एक पैसाही देऊ नका.

त्या यंत्रात १.३ टन तांबे आणि १४,००० स्क्रू आहेत. उद्यमनगरात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना या आकड्याचा अर्थ सांगायला नको. आइन्स्टाइनसारख्या थोराचे मतही पुराव्याने तपासले गेले. मग साहेबाचे, पुढाऱ्याचे आणि आमचेही मत तुम्ही तसेच तपासावे, एवढीच विनंती.