करमणूक : एका शब्दाचीं पाउलें



आजच्या भाषणाचा विषय एक साधा शब्द आहे. "करमणूक" हा तो शब्द. वर्तमानपत्रांत, सभेच्या पत्रिकेवर, कायद्याच्या पुस्तकांत, फार काय, आकाशवाणीच्या कार्यक्रमांतहि तो आपणांस नेहमीं भेटतो. नेहमीं भेटणाऱ्या माणसाच्या कुळाची जशी आपण चौकशी करीत नाहीं, तशी या शब्दाचीहि कोणी करीत नाहीं. मी कांहीं भाषाशास्त्राचा पंडित नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकून डहाणू-तलासरीकडील मुलांना मराठी शिकविण्यांत ज्याचें आयुष्य गेलें असा एक मास्तर आहें. परंतु शब्दाचा खरा अर्थ विसरला म्हणजे त्या अर्थाची गरजहि माणसें विसरतात, आणि त्याचा भार शेवटीं लहान मुलांवर पडतो, असें मला दिसून आलें आहे. म्हणून हा प्रपंच.

प्रथम व्याकरण पाहूं. "मी खेळतों", "मी हसतों" असें आपण म्हणतों. पण "मी करमतों" असें कोणी म्हणत नाहीं. "मला करमतें" असेंच म्हणावें लागतें. भूक लागते, थंडी वाजते, आठवण येते, त्याच पंक्तींतलें हें क्रियापद आहे. येथें मनुष्य कर्ता नसतो. गोष्ट त्याच्या ठायीं आपोआप घडते. आज्ञार्थ करून पाहा. "खेळ" म्हणतां येईल; "करम" म्हणतां येणार नाहीं. हुकूम सोडून कोणाला करमत नसतें.

दुसरी गोष्ट अशी कीं, हें क्रियापद होकारापेक्षां नकारांत अधिक राबतें. करमत असतें तेव्हां मनुष्य तें बोलून दाखवीत नाहीं. करमेनासें झालें म्हणजेच शब्द तोंडाबाहेर पडतो. नुकतीच सासरीं गेलेली मुलगी, किंवा घरचें माणूस गेल्यावर मागें राहिलेली म्हातारी "करमत नाहीं" म्हणते, तेव्हां तिला नाटक किंवा सिनेमा नको असतो. आपलें माणूस हवें असतें. आमच्या शेजारीं, उंबरगांवच्या बाजूस, गुजरातींत "मने गमतुं नथी" म्हणतात. शब्द निराळा, पण वाक्याची घडण तीच, आणि त्यांतली हुरहुरहि तीच.

आतां व्युत्पत्ति. हा शब्द संस्कृत "क्रम्" धातूकडे नेला जातो. क्रम् म्हणजे पाऊल टाकणें, चालून जाणें. पराक्रम, आक्रमण, संक्रांति हीं त्याच धातूचीं अपत्यें. मराठींत "मार्ग क्रमणें" आणि "कालक्रमणा करणें" हे प्रयोग ग्रंथांतून आहेतच. जोडाक्षर फोडून मध्यें स्वर घालण्याची बोलीला खोड असते. धर्माचा धरम होतो, जन्माचा जनम होतो, भ्रमाचा भरम होतो. त्याच रीतीनें क्रमणेंचें करमणें झालें. तेव्हां करमणें याचा मूळ अर्थ काळ पावलापावलानें सुखानें पुढें जाणें. करमेनासें झालें म्हणजे काळाचें पाऊल अडलें. "दिवस जातां जात नाहीं" असें आपण म्हणतों, त्याचा अर्थ हाच.

या शब्दाचे सोयरेहि पाहण्यासारखे आहेत. "रमणें" हा शब्द "रम्" धातूचा. थांबणें, विसावणें हाहि त्याचा एक अर्थ. आराम आणि विराम हे त्याच घरचे. मन रमलें म्हणजे भटकणारें मन विसावलें. "मनोरंजन" यांत "रंज्" हा रंगण्याचा धातु आहे. रंग हा शब्दहि तेथलाच. "विनोद" याचा मूळ अर्थ दूर सारणें, म्हणजे मनाचा शीण घालविणें. पुढें मराठींत त्याला थट्टेचा अर्थ चिकटला. "मौज" ही अरबी. तिचा मूळ अर्थ लाट. "तमाशा" हाहि अरबीतून फारसीच्या वाटेनें आला. त्याच्या मुळाशीं चालण्याचा धातु आहे. बरोबर फिरावयास जाणें, मग फिरतांना दिसलेला देखावा, आणि अखेर खेळ, अशी त्याची वाटचाल झाली. एकमेकांशीं नातें नसलेल्या दोन भाषांनीं हा अर्थ पावलापासूनच काढावा, ही नवलाची गोष्ट आहे.

छापखान्याच्या काळांत या शब्दानें नवें घर केलें. हरि नारायण आपटे यांनीं १८९० सालीं पुण्यास "करमणूक" नांवाचें साप्ताहिक काढलें. त्यांतूनच त्यांची "पण लक्षांत कोण घेतो?" ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध झाली. नांव करमणुकीचें आणि कथा एका विधवेच्या यातनांची! यांत विसंगति नाहीं. दुसऱ्याच्या दुःखाबरोबर चार पावलें चालणें हीहि करमणूकच, असें जणूं त्या संपादकानें दाखवून दिलें. पुढें १८९५ सालीं काशिनाथ रघुनाथ मित्र यांचें "मनोरंजन" मासिक निघालें; १९०९ सालीं दिवाळी अंकाची प्रथा त्यानेंच घालून दिली.

मग हा शब्द कायद्यांत शिरला. मुंबई इलाख्यांत १९२३ सालीं करमणुकीवर कर बसविणारा कायदा झाला. कायद्याची दृष्टि सरळ होती : पैसे देऊन आंत जावयाचें असेल तर ती करमणूक. १ जुलै २०१७ पासून वस्तु व सेवा कर आला आणि राज्याचा हा जुना कर त्यांत विलीन झाला. पण तेवढ्या अवधींत शब्दाचा अर्थ पालटून गेला होता. करमणुकीला दार आलें, तिकीट आलें, एका बाजूस दाखविणारा आणि दुसऱ्या बाजूस बसून पाहणारा आला. आपोआप घडणारी गोष्ट विकत घेण्याची वस्तु झाली.

या अर्थाला आमच्या वारली पाड्यावरचा तारपा नाच उत्तर देतो. वाळविलेला भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाच्या पानांचा कर्णा यांचा हा तारपा. पावसाळा सरून भात पिकूं लागलें म्हणजे रात्रीं त्याचा सूर निघतो. वादक मध्यें, बायकापुरुष एकमेकांच्या कमरेला हात गुंफून त्याच्याभोंवतीं फिरतात, आणि त्याच्याकडे पाठ करीत नाहींत. सूर बदलला कीं पाऊल बदलतें. या नाचाला तिकीट नाहीं, दार नाहीं, आणि खरें पाहतां प्रेक्षकहि नाहीं. ज्याला वाटेल तो सांखळींत शिरतो, दमला कीं बाहेर येतो. क्रम् धातूचा अर्थ शाळेंत फळ्यावर लिहून जितका कळत नाहीं, तितका या रिंगणांत कळतो. डहाणू तालुक्यांतील गंजाडचे चित्रकार जिव्या सोमा मशे यांना २०११ सालीं पद्मश्री मिळाली. २०१८ सालीं ते निवर्तले. त्यांनीं हेंच रिंगण पांढऱ्या रेषांनीं जगापुढें मांडलें.

परंतु काळ सुखानें क्रमावयाचा तर तो आधीं आपला असावा लागतो. आमच्या भागांत एके काळीं तो आपला नव्हता. जमीनदाराचें बोलावणें आलें कीं स्वतःचें काम टाकून वेठीला जावें लागे. लग्नासाठीं घेतलेल्या कर्जापायीं नवराबायको दोघेंहि गडी म्हणून राबत. १९४५ सालीं किसान सभेच्या झेंड्याखालीं, शामराव व गोदावरी परुळेकर यांच्याबरोबर, वारली वेठीविरुद्ध उठले. गोदावरीबाईंचें "जेव्हा माणूस जागा होतो" हें पुस्तक त्याची साक्ष आहे. त्या लढ्यांत मजुरीबरोबर आपल्या वेळेवरची मालकीहि माणसांनीं परत मागितली, असें मी समजतों.

आज तारपा पाहुण्यांच्या स्वागतासाठीं व्यासपीठावर येतो. दहा मिनिटें नाच होतो, टाळ्या पडतात, नाचणारे खालीं उतरतात. त्यांना बिदागी मिळते हें चांगलेंच. त्यांत मला कमीपणा दिसत नाहीं. पण त्या दहा मिनिटांत करमणूक पाहणाऱ्याची होते; नाचणाऱ्याला करमलें कीं नाहीं, हें कोणी विचारीत नाहीं.

आणि आतां मुख्य गोष्ट. जून महिन्यांत सहा-सात वर्षांचें मूल पाडा सोडून आश्रमशाळेंत येतें. घरचीं माणसें पुढें कामासाठीं वीटभट्टीवर किंवा गुजरातच्या मासेमारी बोटींवर जावयाचीं असतात. आठ दिवसांनीं तें म्हणतें, "गुरुजी, मला करमत नाहीं." हें ऐकून मोठीं माणसें दूरदर्शनसंच लावून देतात. उपाय चुकीच्या रोगावर होतो. त्या मुलाला करमणूक कमी पडलेली नसते. त्याचा काळ अडलेला असतो. त्याच्या पाड्याचा एखादा मोठा मुलगा जेवावयास शेजारीं बसला, कोणी त्याच्याशीं वारलींत दोन शब्द बोललें, सायंकाळीं पटांगणांत तारप्याचा सूर निघाला आणि त्याचा हात दुसऱ्याच्या कमरेला पोंचला, तर काळ पुन्हां चालूं लागतो. ज्यांना हें मिळत नाहीं तीं मुलें पुष्कळदां दिवाळीच्या सुटींत जातात तीं परत येत नाहींत, आणि हजेरीपटावर "गैरहजर" एवढाच शेरा उरतो. शेरा लिहिण्यापूर्वीं त्या मुलाचें वाक्य शिक्षकानें व्याकरणासकट ऐकावें, एवढीच माझी विनंति आहे. त्यांत कर्ता तें मूल नाहीं. त्याला करमेल अशी जागा करणें हें आपलें काम आहे.

शिक्षकबंधूंनीं आणि आश्रमशाळांच्या चालकांनीं याचा विचार करावा.