पाळण्यातलं नाव



नांदेड-लातूरकडच्या एखाद्या शाळेत हजेरी सुरू असताना कान देऊन ऐकलं, तर सगळा मुलूख त्या नावांतून बोलू लागतो. बालाजी, व्यंकट, व्यंकटी ही नावं इथं घरोघरी. देगलूर-बिलोलीची शीव तेलंगणाला भिडलेली, आणि तिरुपतीचा नवस पिढ्यान्‌पिढ्यांचा. माहूरच्या गडानं रेणुका, अनसूया आणि दत्ता ही नावं दिली; लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबानं खंडू आणि मल्हारी दिले. लिंगायत घरांनी बसवराज आणि मन्मथ जपले. नाव ठेवणाऱ्या त्या आईबापांनी शब्दकोश उघडला नव्हता, पण लेकराला हेच नाव का, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. अर्थपूर्ण नाव म्हणायचं ते याला.

मग दगडू, कचरू, उकिरडा या नावांचं काय? आजच्या तरुण आईला ती क्रूर वाटतात. मात्र ही नावं ठेवली जात, तेव्हा त्या घरातली आधीची दोन-तीन लेकरं बहुधा मातीआड झालेली असत. देवी आणि पटकी गावं रिकामी करत होती. लस नव्हती, दवाखाना नव्हता. लेकराला टाकाऊ नाव दिलं की मृत्यूची नजर त्याच्यावर पडणार नाही, ही त्या आईची भाबडी आशा. त्या ओबडधोबड नावाखाली काळीज फाटेल एवढी माया होती.

नकोशीची गोष्ट अगदी वेगळी आहे. मुलगा हवा असताना मुलगी झाली म्हणून तिचं नाव नकोशी किंवा नकुसा ठेवायचं, यात माया नाही. आहे ती नाराजी, आणि ती त्या मुलीनं जन्मभर हजेरीत ऐकायची. सातारा जिल्ह्यानं या दुखण्याला हात घातला. जिल्हा परिषदेच्या आरोग्य यंत्रणेनं अशा मुली गावोगाव शोधल्या, आणि 22 ऑक्टोबर 2011 रोजी साताऱ्यात झालेल्या कार्यक्रमात 285 मुलींना नवी नावं आणि त्यांची प्रमाणपत्रं मिळाली. कुणी ऐश्वर्या झाली, कुणी सावित्री, कुणी वैशाली. हे काम साताऱ्यापुरतं समजून मराठवाड्यानं स्वस्थ बसायला नको. त्याच वर्षीच्या जनगणनेत लातूरला लागून असलेल्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली होत्या अवघ्या 807.

नव्या नावानं माणसाचं आयुष्यच पालटतं, याची फार मोठी साक्ष नांदेडलाच आहे. 1708 साली गुरू गोविंदसिंहजी इथं आले, तेव्हा गोदावरीकाठी माधोदास नावाचा बैरागी मठ करून राहत होता. गुरूंच्या भेटीनंतर तो बंदासिंग झाला आणि पंजाबात जाऊन मोगल सत्तेला भिडला. आजही शीख घरात मूल जन्मलं की गुरू ग्रंथसाहिब उघडतात आणि समोर आलेल्या वचनाच्या पहिल्या अक्षरावरून नाव ठेवतात. मुसलमान घरांत बहुधा सातव्या दिवशी अकीका होतो, तेव्हा नाव ठरतं. आपल्याकडच्या बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगते, घुगऱ्या वाटल्या जातात. रीत कुठलीही असो, लेकराला नाव देताना चार माणसं गोळा होतात, हे महत्त्वाचं.

14 ऑक्टोबर 1956 च्या बौद्ध धम्मदीक्षेनंतर मराठवाड्यातल्या वस्त्यावस्त्यांत जे घडलं, त्यावर तर स्वतंत्र भाषण व्हायला हवं. ज्या घरांतल्या माणसांना गावानं तुच्छतेची नावं चिकटवली होती, त्याच घरांत सिद्धार्थ, राहुल, सुजाता, यशोधरा जन्मू लागल्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेव्हाच्या औरंगाबादला उभ्या केलेल्या महाविद्यालयाला मिलिंद हे नाव मिळालं आणि मराठवाड्यातली किती तरी मुलं पुढं मिलिंद झाली. प्रश्न विचारणाऱ्या, उत्तर पटलं तर स्वीकारणाऱ्या राजाचं ते नाव. आपल्या लेकरानं असंच व्हावं, अशी इच्छा धरून ठेवलेलं नाव त्या मुलाला वर्गात ताठ बसवतं.

आता नावं मोबाईलवर शोधली जातात. त्यात वाईट काही नाही. पण शेजारच्या कुणाचंच नसलेलं नाव हवं, एवढ्याच हट्टापायी आईची दोन अक्षरं आणि बापाची दोन जोडून असं काही तयार होतं, की आजीला उच्चारता येत नाही आणि मुलाला सांगता येत नाही. गोदावरी हे नाव जुनाट म्हणून टाकून देणाऱ्या घरांनी एकदा थांबून विचार करावा. जिच्या पाण्यावर आपली शेतं पिकली, तिचं नाव लेकीला द्यायला संकोच कसला?

एक व्यवहाराची गोष्टही सांगायला हवी. नाव ठरायला वेळ लागला म्हणून जन्माची नोंद थांबवू नये. ती 21 दिवसांत करावी. नाव मागाहून घालता येतं: वर्षभरात विनाशुल्क, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. शिवाय 1 मे 2024 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शाळेच्या आणि इतर सरकारी कागदपत्रांत आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव, असा क्रम महाराष्ट्र सरकारनं ठरवला आहे. म्हणून बारशाला नाव निवडताना ते आईच्या नावाला जोडून एकदा मोठ्यानं म्हणून पाहावं, आणि गावात ग्रामपंचायतीच्या, शहरात महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या नोंदीत ते काना-मात्रेसह बरोबर लिहिलं गेलं ना, हे दाखला हातात घेताना तिथंच तपासावं.