तंबू त्यांचे, काठ आपला

(वनहक्क शिबिरात आमच्या तरुण मंडळानं मांडलेलं म्हणणं. ज्या वाड्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी इथं देत आहोत. ग्रामसभेत वाचून दाखवावं.)



आम्हाला भाषणाची सवय नाही. बारावीपर्यंत शिकलो, पुढचं पैशावाचून राहिलं. पण चार वर्षं झाली, शनिवार-रविवार आम्ही भंडारदऱ्याच्या काठावर तंबूवाल्याकडं कामाला जातो. तंबू ठोकतो, शेकोटी लावतो, ताटं वाढतो, सकाळी बाटल्या गोळा करतो. म्हणून जे बोलतोय ते डोळ्यांनी बघितलेलं बोलतोय.

प्रवरा आपल्या रतनगडावरून निघते. इंग्रजांनी 1910 ला तिच्यावर धरणाचं काम काढलं, 1926 ला पुरं केलं. धरणाला विल्सन साहेबाचं नाव, तलावाला आर्थर साहेबाचं. आपल्या आज्या-पणज्यांची खाचरं पाण्याखाली गेली, त्यांचं नाव कुठल्या पाटीवर नाही. 11 टीएमसी पाणी साठतं, ते खाली संगमनेर, श्रीरामपूर, राहुरीकडं उसाला जातं. आणि मे महिन्यात आपल्या बाया हंडा घेऊन झऱ्यावर रात्र काढतात. धरण उशाला, कोरड घशाला.

पाणी गेलं ते गेलं. आता काठ जायला लागलाय. आजचं आमचं म्हणणं तेवढंच आहे.

पाणी उतरलं की जी जमीन उघडी पडते ती गाळपेर. तिथं आपण हरभरा, वाल टाकतो, गुरं पाण्यावर उतरवतो. ती जमीन पाटबंधारे खात्याची, पण वाटपात धरणग्रस्ताचा पहिला हक्क आहे. आता तिथं तंबूंची रांग लागलीय. मागच्या हिवाळ्यात आमच्याच एका आजीला गुरं घेऊन वळसा मारून जायला सांगितलं. का, तर पाहुण्यांच्या फोटोत शेण येतं! सांगणारा बाहेरचा, आणि तिला अडवायला उभा केलेला पोरगा आपलाच. आम्हीच होतो तो पोरगा. आजी काही बोलली नाही, नुसती बघत राहिली. त्या दिवसापासून आम्ही विचार करायला लागलो.

काठाच्या वरची जमीन तर आपल्या सातबाऱ्याची. ती कशी जाते ते सांगतो. शहरातला माणूस येतो, वर्षाचे थोडे पैसे हातावर ठेवतो, स्टॅम्पपेपरवर अंगठा घेतो. कागद इंग्रजीत. मुदत किती, कुणी वाचलेली नसते. लक्षात ठेवा, जमीन महसूल कायद्याचं कलम 36 अ काय सांगतं. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विकता येत नाही, गहाण देता येत नाही, भाड्यानंसुद्धा देता येत नाही. पाच वर्षांपर्यंतच्या भाड्याला कलेक्टरची आधी परवानगी लागते. त्याच्यावर गेलं की सरकारची मंजुरीही लागते. परवानगी नसेल तर तो स्टॅम्पपेपर चुलीत घालायच्या लायकीचा. ज्यांनी अंगठा दिलाय त्यांनी लाजू नका, घाबरू नका, कागद घेऊन मंडळाकडं या.

आता काजव्यांचं. वळवाचा पाऊस पडला की हिरडा, बेहडा, सादडा, जांभळीवर काजवा बसतो. तो चमकतो ते जोडीदाराला बोलवायला. मादी खाली ओल्या मातीत अंडी घालते. आपल्याला हे कुणी शिकवलं नाही, पण काजवा धरून बाटलीत घालणाऱ्या पोराला आपली आई रागवायची. आता रात्रभर गाड्यांचे लाइट, मोबाइलच्या बॅटऱ्या, मोठ्यानं गाणी, आणि झाडाखाली शेकडो बूट. 1986 ला कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य झालं. तेव्हापासून वाळलेली मोळी आणली तरी आपल्याला विचारणा होते. मग त्याच जंगलात रात्री बारा वाजता गाड्या कशा चालतात?

आणि रस्ता. गेल्या जूनमध्ये शनिवारी रात्री आमच्या वाडीतल्या एका बहिणीला कळा सुरू झाल्या. गाड्यांच्या रांगेत जीप दोन तास अडकली. बाळ रस्त्यातच झालं. दोघं वाचले, पण ते नशिबानं. बाजूच्या गाडीतले लोक खिडकी खाली करून विचारत होते, काजवे कुठं दिसतात?

कुणी म्हणेल, ही पोरं पर्यटनाच्या विरोधात आहेत. नाही. त्यावर आमच्या घरात चूल पेटते, खोटं कशाला बोलू? साम्रदची पोरं सांदणला वाट दाखवतात, बारीची कळसूबाईला, रतनवाडीत बाया पिठलं-भाकरी करून वाढतात. माणूस यावा, डोंगर बघावा, भाकरी खावी. पण आज तंबूवाला एका माणसाचे रात्रीचे बाराशे घेतो आणि आम्हाला दिवसाचे चारशे देतो. जागा आपली, पाणी आपलं, मेहनत आपली, मग मालक तो कसा?

2006 च्या वनहक्क कायद्यानं जंगल राखायचा अधिकार ग्रामसभेला दिलाय, कलम 5 वाचा. गडचिरोलीत मेंढा-लेखाच्या ग्रामसभेनं 2011 मध्ये आपल्या बांबूचे वाहतूक पास स्वतः दिले. ते बांबूचं करतात, तर आपण काठाचं का नाही करायचं?

म्हणून प्रत्येक गावानं ग्रामसभेत हे ठराव घ्यावेत:

1. तंबूसाठी बाहेरच्याला नवा कागद करून द्यायचा नाही. जुने कागद ग्रामसभेपुढं वाचायचे.

2. गाळपेरीवर आधी पीक आणि गुरांची वाट. तंबू कुठं, किती, ते गाव ठरवील, आणि ते गावातल्या पोरांचे आणि बचत गटाचे असतील.

3. काजव्याच्या दिवसांत गाड्या गावाबाहेर थांबतील. पुढं चालत, गावच्या माणसाबरोबर, लाइट आणि गाणी बंद. दवाखान्याची वाट रात्रंदिवस मोकळी.

4. सामूहिक वनहक्काचे दावे ज्या वाड्यांचे राहिलेत ते या पावसाळ्याच्या आत भरायचे.

आमच्या आज्यांनी खाचरं दिली तेव्हा त्यांना कुणी विचारलं नव्हतं. आपल्यालाही कुणी विचारणार नाही, आपणच सांगावं लागेल. त्या आजीची गुरं आम्ही परत अडवणार नाही, एवढं आम्ही ठरवलंय. बाकीचं सगळ्यांनी मिळून ठरवू.

जल, जंगल, जमीन आमच्या हक्काची! जय आदिवासी!